तार

कालव्याच्या कडेला बर्फाची साय धरली होती,
दुधावर धरते तेवढीच,
आणि सासरे हॅन्कॉकच्या इस्पितळात.
उजव्या हाताचं एकही बोट हलत नव्हतं,
म्हणून यंदा ती बोट माझ्या गळ्यात.

ऑन्नी रौताला कागदावर कधी काही लिहीत नसत.
हेल्वीने फोन त्यांच्या कानाशी धरला.
झटक्यात इंग्रजी अर्धं गळून गेलेलं, तरी
क्रम शाबूत होता:
टाकीत औषध. इंजिन गरम कर, मग तेल बदल.
कार्ब्युरेटरमध्ये फवारा मार, ते खोकत, धुरकटत
आपणहून बंद पडेपर्यंत.
बॅटरी घरी ने, चुलीपासून लांब ठेव.
चारी बुचं काढ. दोन ब्लॉकची, दोन मॅनिफोल्डची.
आणि मग एकच शब्द,
पुन्हा पुन्हा, जिभेवरून घसरणारा:
लान्का. लान्का.

हेल्वीचं फिनिश आईकडून आलेलं,
भाकरी, सौना आणि विणकामापुरतं.
"लोकर मागतायत," ती म्हणाली. "आईची आठवण."
दुसऱ्या दिवशी तिने करड्या लोकरीचे तीन गुंडे नेले.
एक त्यांनी भिंतीवर भिरकावला, डाव्या हाताने.
नर्स म्हणाली, असं होतं. चिडतात.

तीन भोकांतून पाणी भसाभस आलं,
माझ्या बाहीतून कोपरापर्यंत शिरलं.
चौथ्यातून, डावीकडच्या, थेंबही नाही.
मी टॉर्च मारला. काळं. मुकं.
रिकामं असणार, म्हटलं,
आणि खरं सांगतो, बरं वाटलं.
बोटं आखडली होती. घरी सूप होतं.
चारी बुचं कॉफीच्या डब्यात टाकली,
वर ताडपत्री आवळली.

जानेवारीत पारा इतका उतरला
की रात्री तळं कण्हायचं.
सुपीरिअरच्या काठावर त्या आवाजाला
कुणी जागं होत नाही.
मी झालो, दोनदा.
पाण्याचा बर्फ होताना त्याला थोडी जास्त जागा लागते,
फार नाही, एवढीशी.
ती ते मागत नाही.

मे महिन्यात तेलाची पट्टी बाहेर काढली
तर दूध जास्त झालेल्या कॉफीचा रंग.
वेंडेल ब्रुनोने काही न बोलता हवेची नळी जोडली,
ब्लॉकवर साबणाचं पाणी ओतलं.
आम्ही तिघं वाकून बघत राहिलो.
डाव्या कुशीवर, वीतभर रेघेत,
बुडबुडे आले,
बारीक, एकाला एक लागून.
एवढ्या लोखंडाला फाडणारी चीर
केसाहून जाड नव्हती.

"सांधता येईल," वेंडेल म्हणाला. "भोकं पाडत, पिना ठोकत,
टाक्याला टाका लावत न्यायचं. नाहीतर दुसरं इंजिन.
तार घातली होतीस ना आत?"
"कसली तार?"
"त्या भोकाच्या तोंडाशी वाळू बसते, गंज बसतो.
पाणी वर तसंच थांबलेलं असतं.
जिथून काहीच येत नाही ना,
तिथेच टोचायचं."

हेल्वी बोटघराच्या दारात उभी होती.
"राउतालान्का," ती म्हणाली, जणू कुणी तिला
मागच्या खोलीतून हाक मारली होती.
"लोखंडाचा धागा. म्हणजे तार. अरे देवा.
आणि मी लोकर नेली."

तार दारामागेच होती, खिळ्यावर.
हातभर, टोकाला वाकवलेली,
शेवटची दोन इंचं गंजाने तांबडी.
ऑक्टोबरात त्याच खिळ्यावर
मी जॅकेट अडकवलं होतं.

संध्याकाळी ते ओसरीत बसले होते, घोंगडी पायांवर.
चिरेबद्दल आम्ही बोललो नाही.
मी नुसती तार त्यांच्या डाव्या हातात ठेवली.
बराच वेळ त्यांनी ती उजेडात धरली.
मग अंगठ्याने टोक
आणखी जरासं वाकवलं, असं,
आणि मला परत दिली.